धांवतो तो उमेदवार, बसतो तो दुकानदार

नांदेड किंवा लातूर ह्या दोन शहरांतून बाहेर जाणाऱ्या कोणत्याही सडकेवर पहाटे साडेपांचाच्या सुमारास जो मनुष्य उभा राहील, त्यास एक देखावा हटकून दिसेल. विशी-बाविशीचीं मुलें, कांहीं अनवाणी, कांहींच्या पायांत झिजलेले बूट, अंधारांतून धापा टाकीत धांवत असतात, आणि त्यांचा एखादा सोबती घड्याळाकडे पाहत सेकंद मोजीत असतो. तोच मनुष्य साडेदहा वाजतां मोंढ्यांत आला तर त्यास दुसरा देखावा दिसतो. गादीवर मांडी घालून, लोडास टेकून बसलेला चाळिशीचा गृहस्थ. पोटावर सदरा ताणलेला, समोर चहाचा तिसरा पेला आणि खिशांत मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी. हीं दोन्ही चित्रें एकाच समाजाचीं आहेत, पुष्कळदां तीं एकाच घरांतलीं असतात. आणि खेदाची गोष्ट ही कीं, पहिल्या चित्रांतला मुलगा दहा-पंधरा वर्षांनीं दुसऱ्या चित्रांत जाऊन बसतो. असें कां व्हावें, व तें टाळण्यास आमच्या वाचकांनीं काय करावें, याचा आज थोडा खुलासेवार विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या धांवणाऱ्या मुलांविषयीं. तीं आरोग्यासाठीं धांवत नाहींत, नोकरीसाठीं धांवतात. राज्याच्या पोलीस शिपाईभरतींत मैदानी परीक्षेच्या ५० गुणांपैकीं २० गुण मुलांच्या १६०० मीटर धांवण्याला आहेत, मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें, आणि लष्करांतील अग्निवीरांच्या भरतींतही १.६ किलोमीटरची धांव आहेच. कोरडवाहू शेती आणि बेभरंवशाचा पाऊस ज्यांच्या वांट्याला आला, त्यांनीं पायांच्या बळावर पोट भरण्याची वाट शोधली तर त्यांस हंसण्याचा अधिकार गादीवरच्यांस मुळींच नाहीं. परंतु ह्या धांवण्याचा एक दोष असा कीं, जाहिरात निघाली म्हणजे तें सुरू होतें आणि निकाल लागला म्हणजे तें संपतें. तीन महिन्यांत तीन वर्षांचें काम उरकावयाचें, तापांतही धांवावयाचें, वजन कमी भरावें म्हणून पाणीही तोडावयाचें, असले प्रकार सर्रास चालतात. त्याचा परिणाम काय होऊं शकतो हें २०१४ च्या जून महिन्यांत मुंबईंत दिसलें. तेथें पोलीसभरतीच्या ५ किलोमीटरच्या धांवेंत उन्हाच्या तडाख्यांत उमेदवार कोसळले व त्यांतील कांहीं दगावले. २०२४ सालीं झारखंड राज्यांत उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतींत १० किलोमीटर धांवतांना दहाहून अधिक तरुणांचे प्राण गेले. दोन्ही प्रसंगीं चौकशीची भाषा झाली. मेलेला मुलगा कोणाच्याही चौकशीनें परत आला नाहीं.

ह्या मुलांस आमचें सांगणें थोडकें आहे. धांवण्याची तयारी निदान सहा महिन्यांची असावी. आठवड्यांतल्या धांवांपैकीं फार तर दोन जोराच्या असाव्या, बाकीच्या इतक्या सावकाश कीं सोबत्याशीं बोलतां यावें. अंतर दर आठवड्यास थोडथोडें वाढवावें, एकदम दुप्पट करूं नये. ताप, जुलाब किंवा छातींत कळ असतां मैदानांत पाऊल टाकूं नये. धांवतां धांवतां डोळ्यांपुढें अंधारी आली, अंग थंड पडूं लागलें किंवा बोलणें असंबद्ध होऊं लागलें तर तेथेंच थांबावें, आणि सोबत्यांनीं त्यास सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतून दवाखान्यांत पोंचवावें. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणें भाग आहे. दम वाढतो म्हणून मेफेन्टरमाइन नांवाच्या औषधाचीं इंजेक्शनें घेण्याचें खूळ ह्या राज्यांतील कांहीं व्यायामशाळांत व भरतीच्या मुलांत शिरलें आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्याचा रक्तदाब फार उतरला म्हणजे तो चढविण्यासाठीं डॉक्टर जें औषध वापरतात तें हें. धडधाकट मुलानें तें टोंचून घेऊन धांवणें म्हणजे तापलेल्या बॉयलरची झडप बांधून ठेवण्यासारखें आहे.

आतां गादीकडे वळूं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर झालेल्या पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, आणि शंभर प्रौढांपैकीं सुमारें पस्तीस जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. पुढच्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या शास्त्रज्ञांनीं काढलेल्या हिशेबांत असें दिसून आलें कीं, भारतांतील जवळजवळ निम्मे प्रौढ लोक जरूर तेवढीही शारीरिक हालचाल करीत नाहींत. आमच्या व्यापारी बंधूंस हें सांगितलें कीं त्यांचें ठरीव उत्तर येतें : ‘दिवसभर दगदग काय कमी आहे?’ दगदग आहे, पण ती जिवाची आहे, शरीराची नव्हे. भावाची चढउतार, उधारीची चिंता, कराचे कागद यांनीं मन थकतें. मांड्या आणि पाठ बसल्या जागीं निकामी होत जातात. थकवा आला म्हणजे श्रम झाले असें मानणें ही ह्या वर्गाची मोठी चूक आहे. आणि ही चूक पुढच्या पिढीच्याही अंगवळणी पडत आहे. लातूर पॅटर्नच्या नांवानें ज्या अभ्यासाचा गौरव होतो, त्यांत सतरा वर्षांचा मुलगा दिवसाचे बारा-बारा तास बांकावर बसतो, आणि डॉक्टर होण्याच्या खटपटींत डॉक्टरांचें गिऱ्हाईक होण्याची पूर्वतयारी करून ठेवतो.

बलाची आवड आमच्याकडे नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत आणि लातुरास सिद्धेश्वराच्या यात्रेंत कुस्त्यांच्या फडाभोंवतीं पाय ठेवावयास जागा नसते. लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार यांनीं १९६९ सालीं महाराष्ट्र केसरीची गदा मिळविली, तिचें कौतुक अजून ओसरलेलें नाहीं. २०२० च्या जानेवारींत त्याच किताबाच्या अखेरच्या कुस्तींत हर्षवर्धन सदगीर यांच्यासमोर लातूरचे शैलेश शेळके उभे होते, आणि दोघांचेही वस्ताद लातूरचेच काका पवार हे होते. नांदेडास होला मोहल्ल्याच्या दिवशीं गतका खेळणाऱ्या शिखांचीं चपळ अंगें पाहण्यास सारा गांव लोटतो. परंतु हें सर्व पाहणें आहे. आखाड्यांत उतरणारा एक आणि टाळ्या वाजविणारे हजार, असा हा व्यवहार झाला. व्यायाम हा पैलवानाचा धंदा, फार तर उमेदवाराचा. आपल्यासारख्या संभाविताचा त्याशीं संबंध नाहीं, ही समजूत इतकी खोल रुजली आहे कीं, पन्नाशीचा शेट सकाळीं धांवतांना दिसला तर लोक त्यास विचारतात, ‘कोणी आजारी आहे काय?’

दुसरी समजूत अशी कीं, तालीम सोडली म्हणजे शरीर फुगतें, म्हणून ती धरूंच नये. फुगतें हें खरें, पण तें तालमीमुळें नव्हे. सकाळसंध्याकाळ शेंकडों जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाचा खुराक, दूध-तूप-बदामांसह, तालीम सुटल्यावरही चालू राहतो. मेहनत जाते आणि ताट राहतें. ह्याच्या उलट उदाहरण आमच्याच मराठवाड्यांतलें आहे. बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याच्या मांडवा गांवचे अविनाश साबळे हे लहानपणीं घरापासून शाळेपर्यंत सहा किलोमीटर चालत-धांवत जात. पुढें लष्करांत शिरल्यावर ते धांवण्याच्या शर्यतींत उतरले. मध्यंतरीं दुखापत झाली, धांवणें बंद पडलें आणि वजन वाढलें. तेवढ्यावर पुष्कळांचा खेळ संपला असता. त्यांनीं सुमारें १५ किलो वजन उतरविलें, पुन्हा धांवूं लागले, आणि ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक व २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें; २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ते ह्या शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवले. त्यांच्याइतकें कोणीं धांवावें असें आम्ही म्हणत नाहीं. वाढलेलें वजन म्हणजे ललाटींचा लेख नव्हे, एवढें ह्या उदाहरणावरून दुकानदारानें ओळखावें.

मग त्यानें आरंभ कोठें करावा? काट्यापासून करावा. मोंढ्यांत दिवसभर दुसऱ्याचा माल तोलणारा मनुष्य स्वतः काट्यावर उभा राहत नाहीं ही विलक्षण गोष्ट आहे. काट्याहूनही अधिक खरें सांगणारी वस्तु म्हणजे शिंप्याची फीत. आमच्या देशांतील लोकांस पोटाची चरबी इतरांहून अधिक बाधते. म्हणून पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या पुढें गेली कीं धोक्याची घंटा झाली असें वैद्यकशास्त्र मानतें. फीत बेंबीच्या पातळीवर धरावी, पोट आंत ओढूं नये. (हें लिहावें लागतें, कारण आमच्या एका मित्रानें श्वास रोखून चार सेंटिमीटर वांचविले व त्या आनंदांत जिलेबी खाल्ली.) त्यानंतर डॉक्टरांकडून रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. जे इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनीं व्यायाम सुरू करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे व खिशांत थोडी साखर ठेवावी. कारण चालतां-धांवतां रक्तांतली साखर एकाएकीं उतरूं शकते.

पहिला महिना नुसतें चालावें. आठवड्यांतून पांच दिवस, दर दिवशीं अर्धा तास, झपझप, बोलतां यावें पण गाणें म्हणतां येऊं नये इतक्या वेगानें. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला जी १५० ते ३०० मिनिटांची मध्यम मेहनत सांगते, तिची खालची मर्यादा एवढ्यानें गांठली जाते. दुसऱ्या महिन्यापासून तीन मिनिटें चालणें, एक मिनिट हळू धांवणें, असें आलटून पालटून करावें आणि धांवण्याचा वांटा हळूहळू वाढवावा. चाळिशीच्या माणसाचें हृदय तीन आठवड्यांत धांवण्यास राजी होतें, पण त्याचे गुडघे, घोटे व पोटऱ्यांच्या शिरा तीन महिने मागतात. बहुतेक दुखणीं हा फरक न ओळखल्यामुळें होतात. रोज धांवूं नये. एक दिवस आड पुरे. आणि चैत्र-वैशाखांत, जेव्हां आमच्याकडे पारा चाळिशीच्या पुढें जातो, तेव्हां सूर्य वर येण्यापूर्वीं घरीं परतावें. पोहणें हाही उत्तम व्यायाम आहे. पण ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्या शहरास पोहण्याच्या तलावाची शिफारस करण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

धांवण्यानें दम वाढतो, परंतु शक्तीचा व्यायाम निराळा करावा लागतो, आणि ह्या बाबतींत सुशिक्षित लोकही अगदीं अजाण आहेत. तिशी-चाळिशीनंतर शरीरांतील स्नायू आपोआप झिजूं लागतात. जेवणानंतर रक्तांत येणारी साखर ओढून घेण्याचें मोठें काम हे स्नायूच करीत असल्यामुळें ते झिजले कीं मधुमेहाला दार उघडतें. उपास करून जो झटपट वजन उतरवितो त्याच्या चरबीबरोबर हे स्नायूही जातात. म्हणून तो काट्यावर हलका होतो आणि जिना चढतांना पूर्वींहून अधिक धापा टाकतो. यास उपाय आमच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या आहे. बैठका, जोर, मुद्गल. आठवड्यांतून दोन दिवस पुरेत. ज्याचे गुडघे दुखतात त्यानें खुर्चीवर बसावें व हात न टेकतां उठावें. दहा वेळां, मग विसांवा, असें तीनदां. ज्यास जमिनीवर जोर निघत नाहींत त्यानें भिंतीस किंवा ओट्यास हात टेकून काढावे. दोन कळशा पाण्यानें भरून हातांत धरून अंगणांत फेऱ्या घालणें हा पाठ व मनगटें यांचा उत्तम व्यायाम आहे. दहा सहज होऊं लागले कीं बारा करावे, किंवा वजन वाढवावें. भार वाढला नाहीं तर शक्ति वाढत नाहीं, हा एवढाच ह्या शास्त्राचा गाभा.

येथें कोणी म्हणेल, मग मोंढ्यांतला हमाल सर्वांत निरोगी असला पाहिजे. शेटास दहा किलोची पिशवी जिन्यावर नेतां येत नाहीं, आणि हमाल ५० किलोचें पोतें दिवसांतून कितीदां तरी पाठीवर घेतो. परंतु ओझें आणि व्यायाम यांत भेद आहे. व्यायामांत भार किती, किती वेळां, व मध्यें विसांवा किती, हें करणारा ठरवितो. ओझ्यांत तें गाडी उतरवून घेणारा ठरवितो. म्हणूनच एकाची पाठ बळकट होते आणि दुसऱ्याची पन्नाशीच्या आंत मोडते. शेटाच्या अंगावर जें कमी आहे तें हमालाच्या अंगावर जास्त आहे. ह्या वांटणीविषयीं स्वतंत्र लिहावें लागेल.

वजनाचा अर्धाअधिक हिशेब मात्र मैदानांत होत नाहीं, ताटांत होतो. सत्तर किलो वजनाचा मनुष्य ५ किलोमीटर धांवला तर सुमारें ३५० उष्मांक खर्च होतात. दुकानांत दिवसाचे आठ पेले चहा होत असतील व प्रत्येकांत दोन चमचे साखर असेल, तर नुसत्या साखरेचेच ३०० च्या वर उष्मांक परत आले, दुधाचे निराळे. म्हणजे पहाटेची सगळी मेहनत गल्ल्यावर बसल्या बसल्या बुडाली. व्यापाऱ्यास हें गणित समजावून सांगण्याची गरज नसावी. एक किलो चरबींत सुमारें ७७०० उष्मांक सांठलेले असतात. रोज ५०० ची बचत झाली तर आठवड्यास अर्धा किलो उतरतो, आणि तेवढाच वेग टिकाऊ असतो. महिन्यांत दहा किलो उतरवून देण्याची हमी जो देतो त्याच्या दुकानाची पायरी चढूं नये.

ही बचत उपाशी राहून करावयाची नाहीं. आमच्या भागांतलें जुनें अन्न, ज्वारीची भाकरी, तुरीचें घट्ट वरण, पालेभाजी, ताक, हें ह्या कामीं कोणत्याही डब्यांतल्या पावडरीस हार जाणारें नाहीं. साठ किलोच्या मनुष्यास रोज सुमारें ५० ग्रॅम प्रथिनें लागतात. तुरीच्या डाळींत वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक आणि सोयाबीनमध्यें तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रथिनें असतात. लातूरचा बाजार ह्या दोन धान्यांवर चालतो. पण विकणाऱ्याच्या घरीं वरण पाण्यासारखें आणि सोयाबीन तर ताटांत येतच नाहीं. फरसाण येतें, रात्रीं दुकान बंद करून साडेदहाला जड जेवण येतें, आणि उपासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी येते. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यांत तूप आणि शेंगदाण्याचें कूट पडलें कीं उपासाचें ताट नेहमींच्या जेवणाहून भारी होतें. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्यानें काढली त्यास उष्मांक हा शब्द ठाऊक नव्हता, पण गोष्ट ठाऊक होती. उपास करूं नका असें आम्ही म्हणत नाहीं. तो खरोखर उपास असूं द्या.

हा सर्व उपदेश पुरुषांस उद्देशून झाला, हें आमच्या ध्यानीं आहे, आणि ह्या प्रश्नाची खरी लज्जास्पद बाजू तीच आहे. देशांतील पुरुषांपैकीं शेंकडा ४२ जणांची हालचाल अपुरी आहे, तर स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींची. ‘घरकाम हाच त्यांचा व्यायाम’ असें म्हणणाऱ्यांनीं हा आंकडा एकवार वाचावा. ओट्याशीं उभें राहून पोळ्या लाटण्यानें पाय सुजतात, हृदय बळकट होत नाहीं. सहा वाजतां बाईनें चालावयास जावें तर त्याच वेळीं घरांत चहा हवा असतो, मुलांचा डबा हवा असतो. आणि संध्याकाळीं रस्त्यावर एकटी झपझप चालूं लागली तर टपरीवरच्या चार नजरा तिच्याबरोबर चालूं लागतात. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनीं बसून गोळाफेक करण्याच्या खेळांत देशाचें नांव केलें. २०२४ सालीं पॅरिसच्या पॅरालिम्पिक उद्घाटनांत सुमित अंतिल यांच्याबरोबर भारताचा ध्वज त्यांच्या हातीं होता. त्यांचे सत्कार आपण करतों, त्यांच्या तसबिरी फलकांवर लावतों. आणि घरच्या सुनेनें बूट घालून बाहेर पडावयाचें म्हटलें कीं शेजारी काय म्हणतील हा प्रश्न काढतों. ज्या घरांत पुरुष आठवड्यांतून तीन सकाळीं चहा व डबा स्वतः करील, त्या घरांतली स्त्री तीन सकाळीं चालूं शकेल. दुसरी युक्ति आम्हांस ठाऊक नाहीं.

शेवटीं जागेचा प्रश्न. लोकांस चाला म्हणावें तर कोठें? रस्त्याच्या कडा गाड्यांनीं व दुकानांच्या फळ्यांनीं व्यापल्या आहेत, आणि अंधारांत सडकेवर धांवणाऱ्या मुलांच्या अंगावरून मालमोटारी जातात. शाळा-महाविद्यालयांचीं पटांगणें मात्र शाळा सुटल्यावर कुलुपांत निजतात. तीं पहाटे पांच ते सात व सायंकाळीं सहा ते आठ उघडीं ठेवावीं, सायंकाळचा पहिला तास केवळ स्त्रियांसाठीं राखावा, कडेनें मातीची धांवपट्टी असावी, फरशी नको. आडत्यांच्या व दुकानदारांच्या मंडळांनीं रात्रीं दुकानें अर्धा तास आधीं बंद करण्याचा ठराव आपसांत करावा, म्हणजे जेवण वेळेवर होईल व पहाटे जाग येईल. एकट्यानें दुकान लवकर लावलें तर गिऱ्हाईक शेजारीं जाईल ही भीति रास्त आहे, म्हणून हें काम सर्वांनीं मिळूनच होण्यासारखें आहे. पटांगणांसाठीं लागणारा खर्च म्हणजे प्रत्येकीं चार दिवे, पिण्याच्या पाण्याची एक टाकी, आणि दोन पहारेकऱ्यांचा पगार, त्यांपैकीं एक बाई असावी. नांदेड व लातूर येथील महानगरपालिकांनीं ही रक्कम अंदाजपत्रकांत आरोग्याच्या सदरांत दाखवावी कीं क्रीडेच्या, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें.